२४ लाखांवर शून्य टॅक्स? खरंय, पण पुढचं पण ऐका

सध्या एक रील सगळीकडे फिरतंय. म्हणजे एक नाही, त्याच मजकुराची ढीगभर रील्स आहेत, चेहरे वेगळे, मागचं म्युझिक तेच आणि सांगणं एकच, की स्वतःचं काम करता ना, मग वर्षाला २४ लाख कमवा आणि टॅक्स भरा शून्य. मी टॅक्स रिटर्नचं काम करते त्यामुळे हे रील मला रोज कोणीतरी फॉरवर्ड करतं, खाली प्रश्न असतो "मॅडम हे खरंय का?" आणि एका ओळीत उत्तर द्यायचं तर हो, खरंय. पण एका ओळीत द्यायचं नसतं, म्हणून ही पोस्ट.

आधी गणित करून टाकू म्हणजे हे आभाळातून पडलेलं नाही ते कळेल. एक आर्किटेक्ट धरा, २०२५-२६ या वर्षात फी मिळाली २४ लाख, सगळी बँकेतून. कलम ४४एडीए म्हणतं की खर्चाचा हिशोब दाखवू नका, जमा रकमेच्या ५० टक्के नफा धरा आणि मोकळे व्हा. म्हणजे उत्पन्न १२ लाख. नवीन रिजीममध्ये, म्हणजे टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी कमी दर आणि कमी वजावटीच्या पद्धतीत, पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००. झाले ६०,०००. आणि १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर कलम ८७ए ची सूट नेमकी ६०,००० पर्यंत. वजा केले, शून्य. इथपर्यंत रील बरोबर आहे आणि ते बनवणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही, फक्त तो इथेच थांबतो आणि लोकांच्या भानगडी इथूनच पुढे चालू होतात.

पहिली गोष्ट म्हणजे हे ४४एडीए सगळ्यांसाठी नाहीये. कायद्यात यादी आहे: वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरियर डेकोरेटर, आणि नंतर नोटिफिकेशनने आलेले कंपनी सेक्रेटरी, आयटीवाले, फिल्म आर्टिस्ट वगैरे. यादी वाचताना गंमत वाटते कारण फिल्म आर्टिस्टमध्ये सिनेमाचा कॅमेरामन बसतो, एडिटर बसतो, गीतकार आणि ड्रेस डिझायनरसुद्धा बसतो, पण लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर बसत नाही. कॅमेरा तोच, लेन्स कदाचित जास्त महागडी. शिकवण्या घेणारे, अनुवाद करणारे, योगा शिकवणारे हे यादीत नाहीत. तरी यातले कितीतरी जण बिनधास्त ४४एडीए टाकून रिटर्न भरतात कारण पोर्टलवर ड्रॉपडाउनमधून कुठलातरी जवळचा कोड निवडला की फॉर्म गपचूप पुढे जातो. फॉर्म पुढे गेला म्हणजे कायद्याला मान्य झालं असं नसतं हो, कॉम्प्युटरला तुम्ही योगा शिकवता की पूल बांधता हे माहीत नसतं. यादीबाहेरच्या लोकांना ४४एडी, म्हणजे धंद्यावाल्यांचं कलम, लागतं का यावर सीए लोकांमध्येच दोन मतं आहेत. त्यामुळे तुमचं काम असं सीमारेषेवर असेल तर हे आधी आपल्या सीएशी बोलून ठरवा, आणि एकदा ठरलं की दरवर्षी तेच धरा, एक वर्ष प्रोफेशन आणि पुढच्या वर्षी बिझनेस असल्या कोलांट्या मारू नका.

एलआयसी एजंट, इस्टेट एजंट, थोडक्यात कमिशनवर काम करणारे, त्यांच्यासाठी तर स्पष्टच लिहिलंय की ४४एडी नाही. आणि ४४एडीए च्या यादीतही ते नाहीत. त्यांनी खरा नफा काढायचा, खर्च दाखवायचे आणि आयटीआर-३ हा त्यासाठीचा रिटर्न फॉर्म भरायचा. याबाबतीत जितकी चुकीची रिटर्न्स माझ्यासमोर येतात तितकी दुसऱ्या कशात येत नसतील, आणि बिचाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा, शेजारच्या एजंटने आयटीआर-४ (४४एडी-४४एडीए वाल्यांचा फॉर्म) भरला, त्याला रिफंड आला, मग यांनीही भरला.

दुसरं, कॅश. ४४एडीए ची मूळ मर्यादा ५० लाखांची. ती ७५ लाख होते पण कधी, तर वर्षभरातली रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच. क्लिनिकवाल्या डॉक्टरांनी हे नीट वाचा. ६० लाख जमा आणि त्यात १० लाख रोख असतील तर तुम्ही बाहेर, तिथे हिशोबाची पुस्तकं आणि ऑडिट दोन्ही आलं. आणि अकाउंट पेयी नसलेला चेकसुद्धा यात रोखच धरतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दिवसाला एका माणसाकडून एकाच वेळी किंवा एकाच कामापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं तर वेगळाच गुन्हा आहे, जेवढी घेतली तेवढाच दंड.

आता तिसरं, जे रीलमध्ये कोणीच सांगत नाही आणि जे मला सगळ्यात जास्त खटकतं. ते १२ लाख म्हणजे तुमचं सगळं उत्पन्न मिळून १२ लाख, एकट्या धंद्याचं नाही. आपल्या आर्किटेक्टचं सेव्हिंग आणि एफडीचं व्याज १५,००० आलं समजा. झालं १२,१५,०००. सूट गेली. पूर्ण टॅक्स काढला तर ६२,२५० होतो पण इथे मार्जिनल रिलीफ नावाची सोय आहे, १२ लाखांच्या वर जेवढे गेलात त्याहून जास्त टॅक्स नाही, म्हणजे १५,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण १५,६००. पंधरा हजारांचं व्याज आलं आणि १५,६०० सरकारजमा. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. नवीन रिजीममध्ये सेव्हिंगच्या व्याजावरची १०,००० ची वजावटही मिळत नाही. आणि पगारदारांना जी ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आहे ती आपल्याला नाही, त्यामुळे "माझ्या भावाला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही मग मला का" याचं उत्तर हेच, भाऊ नोकरी करतो. शेअर्स विकून शॉर्ट टर्म नफा झाला असेल तर त्याला ही सूट लागत नाही, २० टक्के द्यावेच लागतात, आणि तेवढ्यासाठी आयटीआर-४ सोडून आयटीआर-३ भरावा लागतो. पाच हजारांचा नफा असला तरी.

चौथं म्हणजे जीएसटी, आणि हे मोठं प्रकरण आहे. सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे २० लाख. रीलमधला हिरो २४ लाख कमावतोय, म्हणजे इन्कम टॅक्सच्या शून्यावर नाचताना जीएसटीची रेष त्याने केव्हाच ओलांडलीय. वीस लाख हे जमेवर, नफ्यावर नाही, आणि पूर्ण पॅनवर मोजतात, म्हणजे ऑफिसचं भाडं येत असेल, परदेशातल्या क्लायंटचं काम असेल, तेही यात मिळवायचं. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज. डॉक्टरांची उपचाराची फी जीएसटीतून मुक्त आहे आणि वकिलांचं बरंचसं काम रिव्हर्स चार्जवर आहे, म्हणजे जीएसटी पार्टी स्वतः सरकारला भरते, पण आर्किटेक्ट, कन्सल्टंट, डिझायनर, सॉफ्टवेअरवाले यांना सहसा १८ टक्के.

इथे खरा फटका कुठे बसतो सांगते. कोटेशन देताना आपण म्हणतो "एक लाख, सगळं धरून". पार्टी पण खूश. वर्षाच्या मध्यावर २० लाख पार झाले, नोंदणी झाली, आणि आता त्या "सगळं धरून" मधला जीएसटी कोण भरणार? पार्टी म्हणते आपलं ठरलं होतं एक लाख. मग तुमच्या हातात उरतात ८४,७४६ आणि बाकीचे १५,२५४ सरकारला. म्हणून तुमची उलाढाल पंधरा-सोळा लाखांना टेकली की त्या दिवसापासून प्रत्येक कोटेशनवर "जीएसटी लागू असल्यास वेगळा" एवढी ओळ टाकायला सुरुवात करा, फुकटची ओळ आहे.

जीएसटीतला दुसरा फटका, सेवेचं बिल फाडलं की त्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, पार्टीने पैसे दिले असोत की नसोत. आपल्याकडे पार्ट्या पैसे कधी देतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिमाही रिटर्नवाले असाल तरी पहिल्या दोन महिन्यांचं चलान २५ तारखेपर्यंत भरावंच लागतं. उशीर झाला की १८ टक्क्यांनी व्याज. म्हणून लोक आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवतात, पैसे कबूल झाले की टॅक्स इनव्हॉइस काढतात, ते ठीक आहे, पण काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत इनव्हॉइस निघायला हवं असा नियम आहे, तो धरून चाला, सहा महिने प्रोफॉर्मावर काढू नका.

परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्यांनी घाबरू नये, पैसे परकीय चलनात आले आणि निर्यातीच्या बाकी अटी बसल्या तर ती सेवेची निर्यात धरतात आणि एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरून ठेवलं की जीएसटी आकारावा लागत नाही. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवीन भरावं लागतं, एप्रिलमध्ये आठवण ठेवा. फक्त या लोकांना टीडीएस, म्हणजे पार्टी पैसे देतानाच कापून सरकारला भरते तो टॅक्स, कापून येत नसतो, पूर्ण डॉलर पूर्ण हातात, त्यामुळे टॅक्सची सगळी जबाबदारी स्वतःची, त्यावर खाली येतेच.

आता टीडीएस. आपल्या आर्किटेक्टच्या सगळ्या पार्ट्या कंपन्या आहेत असं धरा. त्या कलम १९४जे खाली १० टक्के कापणार, जीएसटी सोडून बिलाच्या रकमेवर. २४ लाखांवर २,४०,०००. टॅक्स शून्य आणि कापले गेले दोन लाख चाळीस हजार. ते परत येतात, रिटर्न भरलं की येतात, ०.५ टक्के महिना व्याजासकट सुद्धा येतात, पण वर्षभर तुमचं खेळतं भांडवल अडकलेलं असतं आणि नवीन ऑफिस टाकलेल्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसच्या सरकारी तक्त्यात, नोंद आली तरच परत येणार. पार्टीने कापला पण भरलाच नाही, किंवा भरला पण पॅनमध्ये एक अक्षर चुकलं, किंवा दुसऱ्याच कलमाखाली दाखवला, असे प्रकार नेहमीचे आहेत. कलम बघणं महत्त्वाचं, कारण पार्टीने १९४जे खाली कापलाय आणि तुम्ही रिटर्न ४४एडी मध्ये भरताय तर सिस्टिमला प्रश्न पडणारच की हा माणूस प्रोफेशनल आहे की दुकानदार.

यातला एक प्रकार नीट समजून घ्या कारण दरवर्षी त्याच्या नोटिसा येतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही एक लाखाचं बिल दिलं. कंपनीने ३१ मार्चला ते आपल्या पुस्तकात घेतलं आणि १०,००० टीडीएस त्याच वर्षात दाखवला. तुम्हाला ९०,००० मिळाले मे महिन्यात. तुम्ही जमेवर हिशोब करता, म्हणून ते बिल पुढच्या वर्षात धरलं, बरोबरच केलं. पण रिटर्नमध्ये टीडीएस मात्र आपोआप आलेला सगळा घेतला, ते १०,००० धरून. झालं, खात्याच्या कॉम्प्युटरला दिसतं की टीडीएस घेतलाय पण त्याचं उत्पन्न दाखवलेलंच नाही, लगेच डिफेक्टिव रिटर्नची नोटीस. याला उपाय दोनच आहेत. एकतर ते बिल याच वर्षात धरून टाका, किंवा टीडीएसच्या तक्त्यात ते १०,००० पुढच्या वर्षासाठी कॅरी फॉरवर्ड करा आणि पुढच्या वर्षी त्या उत्पन्नासोबत घ्या. दोन्ही चालतं, फक्त एक पद्धत धरली की तीच ठेवा.

आणि हो, मार्चच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला पार्ट्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते. म्हणून जे लोक एप्रिलमध्येच "आमचं भरून टाका एकदाचं" म्हणून मागे लागतात त्यांना मी जूनमध्ये या म्हणते. उत्साह चांगला आहे, पण २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवरच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची खात्याकडची यादी) दोन्ही तोवर अर्धवट असतात.

एआयएसवरून आठवलं. ४४एडीए मध्ये पुस्तकं ठेवायची सक्ती नाही हे खरं. पण कायद्याचे शब्द आहेत, ५० टक्के किंवा तुम्ही त्याहून जास्त कमावलंय असं म्हणत असाल तर ती जास्तीची रक्कम. ज्यांचा खर्चच नाही, एक लॅपटॉप आणि इंटरनेटवर सगळं काम चालतं, त्यांच्याकडे २४ लाखांतले २० लाख शिल्लक राहतात, मग त्याची एफडी होते, म्युच्युअल फंड होतात, फ्लॅटचं बुकिंग होतं, आणि हे सगळं एआयएस मध्ये दिसतं. उत्पन्न १२ दाखवलं आणि गुंतवणूक १८ ची, तर उद्या विचारलं की हे आले कुठून तर सांगता आलं पाहिजे. बँक स्टेटमेंट, बिलांची फाईल, साधी एक्सेल शीट, एवढं ठेवायला काय जातंय? पुस्तकं नाही ठेवली तरी चालतात याचा अर्थ पुरावा नाही ठेवला तरी चालतो असा लोक लावतात.

बँकेचं खातं मात्र वेगळं ठेवाच. करंटच हवं असं टॅक्सचा कायदा म्हणत नाही, वेगळं सेव्हिंग असलं तरी टॅक्सच्या दृष्टीने चालेल. धंद्याचा क्यूआर कोड आणि घरचा क्यूआर कोड एकच असला की मित्राने परत केलेले उसने पैसे, बहिणीने पाठवलेला तिचा वाटा, सोसायटीची गोळा केलेली वर्गणी, सगळं एकाच रांगेत उभं राहतं आणि वर्षअखेरीला मी विचारते "हे ४०,००० कसले" आणि समोरचा माणूस छताकडे बघत बसतो.

बरं, उलट केस. खर्च ५० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले लोक. एक इंजिनियरिंग कन्सल्टंट घ्या, जमा ४० लाख, पण त्यातले २८ लाख तो दुसऱ्यांना कामाचे देतो, ड्राफ्ट्समन, सर्व्हे करणारे, साइटचा प्रवास. खरा नफा १२. याने डोळे मिटून ४४एडीए घेतलं तर उत्पन्न धरलं जाईल २० लाख आणि टॅक्स होईल २ लाख अधिक सेस ८,०००, म्हणजे २,०८,०००. तेच पुस्तकं ठेवून ऑडिट करून घेतलं तर १२ लाख आणि वर बघितलं तसं शून्य. ऑडिटची फी कितीही धरा, दोन लाखांच्या खालीच असणार. पण हे जुलैमध्ये सुचून उपयोग नसतो. खर्चाची बिलं हवीत, एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेली नको कारण तो खर्च नामंजूर होतो, कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो पण १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा, म्हणजे मार्चमध्ये घाईघाईने घेतलेल्या लॅपटॉपवर २० टक्केच. हे सगळं वर्ष चालू असतानाच ठरतं. बायकोला पगार दाखवायची आयडिया पण इथे लोकांना सुचते, दाखवा की, पण तिच्याकडे त्या कामाचं टेक्निकल किंवा प्रोफेशनल शिक्षण असेल आणि ती खरोखर काम करत असेल तरच, नाहीतर तो पगार फिरून तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

दुकानदार, छोटे कारखानदार यांचं ४४एडी वेगळं आहे. मर्यादा २ कोटी, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. ८० लाखांची विक्री, ६० लाख डिजिटल आणि २० लाख रोख, तर ३,६०,००० अधिक १,६०,०००, उत्पन्न ५,२०,०००. यूपीआयला घाबरून पुन्हा "फक्त रोख" च्या पाट्या लावणाऱ्यांनी हे बघावं, इन्कम टॅक्समध्ये यूपीआयवाल्यालाच सवलत आहे. इथे एक जाळं आहे, ४४एडी एकदा घेतलं की ते पाच वर्षं धरायचं. मधेच एका वर्षी ६ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं आत यायचं दार बंद, आणि त्या वर्षांत उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर पुस्तकं आणि ऑडिट मागे लागतं. ४४एडीए मध्ये ही पाच वर्षांची अट नाहीये, लोक दोन्हीत गल्लत करतात.

आणि आयटीआर-४ मध्ये खाली चार आकडे विचारतात: येणी, देणी, माल शिल्लक, रोख शिल्लक. तिथे मनाला येईल ते टाकतात लोक. मागच्या वर्षी रोख शिल्लक ३ लाख, यावर्षी १५ हजार, नंतर पुन्हा २ लाख, कसलाच मेळ नाही. उद्या बँकेत लोनसाठी तीन वर्षांची रिटर्न्स समोर ठेवली की क्रेडिटवाला पहिलं बोट तिथे ठेवतो. लोनचं निघालंच आहे तर, टॅक्स वाचवायला म्हणून वर्षानुवर्षं साडेतीन-चार लाख उत्पन्न दाखवायचं आणि मग ६० लाखांच्या होम लोनला अर्ज करायचा, हे जमत नसतं.

ॲडव्हान्स टॅक्स. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर वर्ष संपायच्या आत भरायचा. बाकीच्यांना चार हप्ते, १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना एकच तारीख, १५ मार्च. आता याची भीती घालणारे पण खूप आहेत म्हणून आकडा देते. टॅक्स २,०८,०००, टीडीएस कापला गेला १,५०,०००, बाकी ५८,०००, मार्चमध्ये भरले नाहीत आणि २० जुलैला रिटर्नच्या वेळी भरले. व्याज २३४बी चं (ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याचं) एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं २,३२० आणि २३४सी चं (हप्ता चुकल्याचं) ५८०, एकूण २,९००. जीव जाण्यासारखं काही नाही. खरा त्रास व्याजाचा नसतो, जुलैमध्ये ५८,००० एकरकमी काढायचा असतो, कारण तोवर ते पैसे नवीन फर्निचरमध्ये गेलेले असतात. माझं साधं सांगणं असतं की प्रत्येक जमेतले काही टक्के दुसऱ्या खात्यात टाकत जा, किती टक्के ते मागच्या वर्षीच्या रिटर्नवरून काढा, आणि जीएसटीची रक्कम तर त्याच दिवशी.

जुनी रिजीम की नवी, यावर मी फार लिहीत नाही कारण ४४एडी किंवा ४४एडीए वाल्या बहुतेक छोट्या लोकांचं नवीनमध्येच भलं होतं. होम लोनचं मोठं व्याज, ८०सी चे पूर्ण दीड लाख, मेडिक्लेम, एनपीएस, घरभाड्याचं ८०जीजी हे सगळं भरभरून असेल आणि उत्पन्नही बरं असेल तरच जुनी तपासा. पण धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना पगारदारांसारखं दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही. जुनीत जायला २०२५-२६ च्या रिटर्नसाठी फॉर्म १०-आयईए मुदतीच्या आत भरायचा, आणि एकदा तिथून नवीनमध्ये परत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

महाराष्ट्रात स्वतःचं काम करणाऱ्यांना प्रोफेशन टॅक्सची पीटीईसी नोंदणी लागते, वर्षाला २,५००, तेवढं भरून टाका. सहसा लक्षात येतं ते पाच-सात वर्षांनी आणि मग मागची थकबाकी एकदम भरावी लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, फुकट आहे, सरकारी पोर्टलवर, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. तिचा टॅक्सशी संबंध काय तर बराच आहे. पार्टीने सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर ३१ मार्चला बाकी राहिलेला तो खर्च तिला त्या वर्षी मिळत नाही, जेव्हा पैसे देईल तेव्हाच मिळतो. हे ४३बी चं एच कलम, २०२३-२४ पासून आलंय. नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हा फायदा नाही, पण सेवा देणाऱ्यांना आणि उत्पादन करणाऱ्यांना आहे. बिलावर उद्यम नंबर छापा आणि फेब्रुवारीच्या शेवटी थकबाकी असलेल्या पार्टीच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला एक सभ्य मेल टाका, त्यात या कलमाचा उल्लेख असू द्या. मालकाला दहा फोन करून जे होत नाही ते कधीकधी त्यांच्याच ऑडिटरच्या एका प्रश्नाने होतं.

आता कलमांच्या आकड्यांबद्दल. वर मी सगळे जुने नंबर दिलेत कारण २०२५-२६ चं रिटर्न १९६१ च्या कायद्याखालीच आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात ४४एडी, ४४एडीए आणि ट्रकवाल्यांचं ४४एई हे तिन्ही कलम ५८ मध्ये एकत्र केलेत, टीडीएसची पोतडीभर कलमं ३९३ मध्ये गेलीत, आणि असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. ५० टक्के, ६ टक्के, ८ टक्के हे तसंच आहे. पार्टीकडून आलेल्या टीडीएस सर्टिफिकेटवर १९४जे च्या जागी ३९३ दिसलं तर दचकून मला फोन करू नका.

आणि ज्यांचा टॅक्स खरंच शून्याच्या आसपास येतो आणि टीडीएस लाखांत कापला जातो, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच लोअर डिडक्शन सर्टिफिकेटसाठी अर्ज करा, जुन्या कायद्यात हे कलम १९७ होतं. मागच्या वर्षांची रिटर्न्स, यावर्षीचा अंदाज, पार्ट्यांची यादी लागते, ऑनलाइन होतं. सर्टिफिकेट मिळालं की पार्टी १० ऐवजी त्यावर लिहिलेल्या दराने कापते, पण ते मिळाल्याच्या तारखेपासून पुढेच चालतं, मागे कापलेलं परत येत नाही, त्यासाठी रिटर्नच. एप्रिल-मेमध्ये केलं तर उपयोग, डिसेंबरात केलं तर तोवर दोन लाख चाळीसपैकी बहुतेक कापून झालेले असतात.